अंकी रक्कम अक्षरी करणारा माझा पहिला पायथन प्रोग्रॅम

ठाण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेत ३६ सदनिका आहेत आणि गेली चार वर्षे खजिनदाराचे काम माझ्याकडे आहे. दर तिमाहीला ३६ पावत्या हाताने लिहायच्या, प्रत्येक पावतीवर रक्कम आधी अंकांत आणि मग 'अक्षरी रुपये' या शब्दांपुढे अक्षरांत लिहायची, हा या कामाचा सर्वांत कंटाळवाणा भाग. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेखापरीक्षकांनी दिलेल्या टिपणीत माझ्या हातच्या एका पावतीचा क्रमांक होता. तिच्यावर अंकांत ४,६७५ आणि अक्षरांत 'चार हजार सहाशे पासष्ट' असे लिहिले गेले होते. फरक दहाच रुपयांचा होता आणि सभासदाने पैसे बरोबर भरले होते, तरीही मला दोन दिवस नीट झोप लागली नाही. धनादेशासारख्या दस्तऐवजात अंक आणि अक्षरे जुळत नसतील तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरावी, असे चलनक्षम दस्तऐवज कायदा, १८८१ च्या कलम १८ मध्ये सांगितले आहे. पावती म्हणजे धनादेश नव्हे, परंतु अक्षरी रक्कम ही केवळ शोभेसाठी नसते, हे त्यावरून लक्षात यावे.

पुण्यात संगणकशास्त्र शिकणारा माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत घरी आला होता. त्याने ही गोष्ट ऐकली आणि म्हणाला, "मावशी, हे काम पायथनला सांगता येईल, पण मी लिहून देणार नाही, तू शीक." पायथन ही प्रोग्रॅम लिहिण्याची एक भाषा. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मला तीस वर्षे झाली होती आणि प्रोग्रॅम म्हणजे काय हे मला ऐकूनच माहीत होते. पुढचे तीन महिने जे घडले ते येथे क्रमाने लिहीत आहे. माझ्यासारख्या वयात आणि माझ्यासारख्याच कामासाठी कोणी याच्या वाटेला गेले, तर कोणत्या वळणावर काय दिसते हे त्यांना आधी कळावे, एवढाच हेतू आहे.

रविवार, ५ जानेवारी २०२५ रोजी मी घरातल्या जुन्या लॅपटॉपवर पायथन उतरवून घेतले. ते मोफत मिळते आणि त्याच्याबरोबरच आयडल नावाची साधी लेखनखिडकी येते. सुरुवातीला आणखी काहीही घ्यावे लागत नाही. स्थापना करताना पहिल्याच पडद्यावर सर्वांत खाली पायथन 'पाथ'मध्ये, म्हणजे विंडोज जेथे प्रोग्रॅम शोधते त्या यादीत, जोडण्याची एक चौकट असते. तिच्यावर खूण करायला मी विसरले आणि ती सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागली, त्यात एक दुपार गेली. मराठी टंकलेखनासाठी विंडोजमधला इनस्क्रिप्ट कळफलक सुरू केला आणि कळांवर चिकटवायची देवनागरी अक्षरे स्टेशनजवळच्या दुकानातून १२० रुपयांना आणली. या साऱ्या प्रकरणातला एकदाच करावा लागलेला तो सर्वांत मोठा खर्च.

पहिला प्रोग्रॅम सात ओळींचा होता. पायथनमध्ये 'डिक्शनरी' नावाची रचना असते, तिच्यात डावीकडे खूण आणि उजवीकडे तिचा अर्थ, अशा जोड्या ठेवता येतात. मी '०' पुढे 'शून्य', '१' पुढे 'एक' अशा दहा जोड्या लिहिल्या, एका फेऱ्यात त्या एकेक करून घेतल्या आणि मजकुरातला प्रत्येक अंक 'रिप्लेस' या आज्ञेने शब्दात बदलायला सांगितले. ४७२५ हा आकडा दिला, कारण आमचे मूळ तिमाही शुल्क तेवढेच आहे. पडद्यावर उत्तर आले ४७२५. कोणतीही चूक दाखवली गेली नाही, लाल अक्षरांतला संदेशही नाही, आकडा जसाच्या तसा परत आला. दोन संध्याकाळी मी त्या सात ओळींकडे पाहत होते. शुद्धलेखन तपासले, कंस तपासले, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला.

शनिवारी भाच्याला फोन केला तेव्हा त्याने उत्तर सांगितले नाही. फेऱ्याच्या आत, रिप्लेसच्या लगेच खाली, छापण्याची आज्ञा घाल आणि प्रत्येक फेरीला काय होते ते बघ, एवढेच म्हणाला. तसे केल्यावर दिसले की दहाही फेऱ्यांत मजकूर तोच राहतो. मग लक्षात आले की पायथनमधला मजकूर एकदा तयार झाला की जागेवर बदलत नाही. रिप्लेस ही आज्ञा बदल केलेली नवी प्रत हातात देते आणि मूळ प्रत तशीच ठेवते. ती नवी प्रत मी कोठेच ठेवून घेत नव्हते. कार्यालयात एखाद्या पत्राची दुरुस्त प्रत टंकलेखकाने टेबलावर ठेवावी आणि आपण मात्र जुनेच पत्र लखोट्यात घालावे, तसे चालले होते. डावीकडे नाव आणि बरोबरचे चिन्ह लिहून ती प्रत त्याच नावाने ठेवून घेतली आणि पडद्यावर 'चारसातदोनपाच' उमटले. शब्द एकमेकांना चिकटलेले होते, म्हणून प्रत्येकापुढे एक मोकळी जागा सोडली. ११ जानेवारीच्या त्या रात्री मला फार आनंद झाला होता, हे नमूद करते.

परंतु पावतीवर 'चार सात दोन पाच' लिहून चालत नाही. म्हणून मी डिक्शनरीत १० ते ९९ या जोड्याही घातल्या आणि आता काम झाले असे समजले. उत्तर मात्र पुन्हा 'चार सात दोन पाच' हेच आले. पायथनच्या ३.७ या आवृत्तीपासून डिक्शनरीतल्या जोड्या ज्या क्रमाने लिहिल्या त्याच क्रमाने मिळतात. माझे एकेरी अंक आधी लिहिलेले असल्याने ते आधी बदलले जात आणि २५ शोधायची पाळी येईपर्यंत मजकुरात एकही अंक उरलेला नसे. म्हणून मी क्रम उलटा केला, ९९ पासून सुरुवात करून खाली आले. आता ४०५० दिल्यावर 'चाळीस पन्नास' आले, जे मला निदान वाटेवरचे उत्तर वाटले. पण ४७२५ दिल्यावर आले 'चार बाहत्तर पाच'.

या उत्तराने मला बरेच शिकवले, म्हणून त्यावर थोडे थांबते. ४७२५ मध्ये शेजारशेजारचे दोन अंक घेतले तर ४७, ७२ आणि २५ अशा तीन जोड्या होतात. मोठी जोडी आधी शोधायची म्हटल्यावर प्रोग्रॅमने ७२ ही जोडी मधूनच उचलली आणि दोन्ही बाजूंना एकेक अंक एकटा ठेवला. त्याच्या दृष्टीने ती फक्त खुणांची रांग होती. त्या रांगेत ४ हजाराच्या घरात बसला आहे आणि ७ शतकाच्या, हे त्याला मी कोठेही सांगितलेले नव्हते. अंकांच्या जागी शब्द ठेवणे हे एक काम आहे आणि संख्या वाचणे हे वेगळे काम आहे, ही गोष्ट मी पहिलीत स्थानिक किंमत शिकले तेव्हापासून जाणत होते, परंतु ती इतकी अंगवळणी पडलेली होती की सांगायची राहून गेली. मी आठवडाभर चुकीच्या कामातल्या चुका शोधत होते. रिप्लेसच्या त्या ओळी दुरुस्त करण्यासारख्या नव्हत्या, काढून टाकण्यासारख्या होत्या.

१८ जानेवारीला मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि रद्दीतल्या एका पाठकोऱ्या कागदावर ४,७२५ कसे वाचते ते पायरीपायरीने लिहिले. हजाराने भागले की भागाकार ४ आणि बाकी ७२५, बाकीला शंभराने भागले की ७ आणि बाकी २५, आणि २५ ला शब्द आहे. लाख आणि कोटी आले तर त्यांचे भागाकार हजाराच्या आधी. इंग्रजी पद्धतीच्या तयार उदाहरणांत तीन-तीन अंकांचे गट असतात. आपल्याकडे शेवटचे तीन अंक सोडले की पुढे दोन-दोनांचे गट होतात, त्यामुळे ती उदाहरणे जशीच्या तशी उपयोगी पडत नाहीत. हा कागद मी अजून जपून ठेवला आहे. प्रोग्रॅम अडला की आधी हाताने एक उदाहरण संपूर्ण सोडवावे आणि आपण प्रत्येक पायरीला काय केले ते लिहावे, हे मला कोणत्याही पुस्तकी नियमापेक्षा जास्त उपयोगी पडले.

कागदावरून प्रोग्रॅममध्ये येताना एकाच संध्याकाळी तीन चुका झाल्या आणि तिन्ही वेळा लाल संदेश आला. पहिला संदेश होता की मजकुराला संख्येने भागता येत नाही. कळफलकावरून घेतलेली प्रत्येक गोष्ट, आकडा असला तरी, पायथन मजकूर म्हणूनच घेतो, तिला 'इंट' या आज्ञेने संख्या करून घ्यावे लागते. दुसरा संदेश 'की एरर' असा होता, म्हणजे मागितलेली खूण डिक्शनरीत नाही, आणि त्यापुढे ४.७२५ हा आकडा. मी साध्या तिरक्या रेषेने भागले होते, त्याने दशांश अपूर्णांक मिळतो. पूर्णांकी भागाकारासाठी दोन तिरक्या रेषा लागतात आणि बाकीसाठी टक्क्याचे चिन्ह. तिसरा संदेशही 'की एरर' हाच, पण पुढे नुसता ४. चार तर डिक्शनरीत डोळ्यांसमोर दिसत होता! फरक इतकाच की डिक्शनरीतला चार अवतरणचिन्हांत होता, म्हणजे मजकूर होता, आणि मी मागत होते तो चार संख्या होता. संदेशात अवतरणचिन्हे आहेत की नाहीत, इतक्या बारकाईने तो वाचावा लागतो. लाल संदेश लांबलचक असला तरी आधी त्याची शेवटची ओळ वाचावी, मग वर जाऊन ओळीचा क्रमांक पाहावा. हे कळल्यापासून मला लाल रंगाची भीती वाटेनाशी झाली, कारण चूक झाल्याचे जो सांगतो तो सोबतीच असतो. पहिल्या आठवड्यातल्या मुकाट्याने परत आलेल्या ४७२५ ने मला जास्त छळले होते.

डिक्शनरीच्या ऐवजी आता शंभर शब्दांची यादी करायचे ठरवले, शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत. इंग्रजीत शंभराच्या आतल्या सर्व संख्यांना २८ शब्द पुरतात, शून्य ते एकोणीस असे २० आणि दशकांचे ८. मराठीत पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर, पंच्याऐंशी आणि पंच्याण्णव यांतला पाच ठिकठिकाणी वेगळे रूप घेतो, एकोणीस, एकोणतीस करत एकोणनव्वदपर्यंत नियम चालतो आणि नव्व्याण्णवला तो थांबतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन आले आणि राज्यभर वाद झाला, तेव्हा गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांची बाजू मी वर्तमानपत्रात वाचली होती आणि ती मला पटली नव्हती. शंभर शब्द एकेक करून टंकताना लहान मुलांची अडचण मला प्रथमच हाताला जाणवली. तरीही पावतीवर रूढ शब्दच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. शब्दांची रूपे कोणती धरावीत यासाठी शेजारच्या निवृत्त शिक्षिकांची मदत घेतली. इमारतीत सगळे त्यांना बाई म्हणतात. 'सेहेचाळीस' की 'शेहेचाळीस' यावर आमचा अर्धा तास गेला आणि अखेर, जे ठरवू ते सर्वत्र सारखे ठेवू, यावर मिटले.

यादी २८ जानेवारीला पूर्ण झाली. ४७२५ दिले आणि पडद्यावर आले 'चार हजार सातशे सव्वीस'.

हे वाचताना अंगावर काटा आला. 'चार बाहत्तर पाच' कोणालाही चूक म्हणून दिसले असते. पण 'चार हजार सातशे सव्वीस' हे अगदी नेटके, व्याकरणशुद्ध उत्तर होते, आणि एका रुपयाने खोटे. नेमकी हीच चूक टाळण्यासाठी हा खटाटोप मांडला होता. मी वहीत लिहून एकेक संख्या दिली. १० बरोबर, २० बरोबर, २२ बरोबर, ३० ला 'एकतीस', ५० ला 'एक्कावन्न'. म्हणजे २२ ते ३० यांच्यामध्ये काहीतरी सरकले होते. २३ दिल्यावर आले 'तेवीसचोवीस'. यादीत 'तेवीस' आणि 'चोवीस' यांच्यामध्ये मी स्वल्पविराम दिला नव्हता. अवतरणचिन्हांतले दोन मजकूर शेजारीशेजारी आले की पायथन त्यांना जोडून एकच समजतो आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. यादीतले शब्द त्यामुळे ९९ झाले आणि चोवीसपासून पुढचा प्रत्येक शब्द एक घर अलीकडे आला. 'लेन' या आज्ञेने यादीची लांबी विचारली असती तर उत्तर एका क्षणात मिळाले असते. तेव्हापासून माझ्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच एक ओळ आहे, यादीची लांबी शंभर नसेल तर पुढे जाऊ नये अशी. ज्याला कोणाला मराठी संख्यांची यादी करायची असेल त्यांनी ही ओळ सर्वांत आधी लिहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शून्यांचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. ३६ सदनिकांचे वर्षाचे मूळ शुल्क ६,८०,४०० होते, त्याचे अक्षरी रूप 'सहा लाख ऐंशी हजार चारशे शून्य' असे आले. भागाकार किंवा बाकी शून्य असेल तेव्हा तो शब्द गाळावा, मात्र संपूर्ण रक्कमच शून्य असेल तर 'शून्य' लिहावे, अशा अटी घातल्या. तिमाहीची बेरीज १,७०,१०० होती. तेथे 'एक लाख सत्तर हजार एकशे' आले आणि ते आम्हा दोघींच्या कानाला खटकले. बाईंनी निर्णय दिला की शंभरापुढे काही असेल तर 'एकशे', नसेल तर 'शंभर'. ती अट वेगळी लिहिली.

९ फेब्रुवारीला, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, व्यवस्थापक समितीची सभा होती. नमुन्याची पावती मी तेथे मांडली. हाताने लिहिलेल्या पावतीपुस्तकाची सवय असल्यामुळे दोन सदस्यांना संगणकाची पावती चालेल की नाही अशी शंका होती आणि ती रास्त होती. लेखापरीक्षकांचे लेखी मत आल्यावर ठराव करावा असे ठरले. ११ फेब्रुवारीला सचिवांच्या सहीचे पत्र नमुन्यासह पाठवले आणि उत्तर १ मार्चला मिळाले. पावत्यांना सलग क्रमांक असावेत, प्रत्येकीची स्थळप्रत दप्तरी ठेवावी आणि खजिनदाराची सही हातानेच असावी, या तीन अटींवर त्यांची हरकत नव्हती. हे अठरा दिवस मला फार मोठे वाटले, पण ते वाया गेले नाहीत, कारण सर्वांत अवघड दोन चुका याच काळात सापडल्या.

पहिली चूक सभासदांच्या यादीची. यादी एक्सेलमध्ये होती, ती स्वल्पविरामांच्या मजकूर फाइलमध्ये साठवली आणि प्रोग्रॅमला वाचायला दिली. आधी 'कमल' या एकाच नावाची छोटी फाइल करून पाहिली होती, तेव्हा नावाच्या जागी परकी रोमन चिन्हे आली. पूर्ण यादी दिल्यावर तर प्रोग्रॅम लाल संदेश देऊन थांबलाच. एकाच कारणाचे दोन परिणाम कसे, हे समजायला मला चार दिवस लागले. प्रत्येक देवनागरी खूण यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटांत साठवली जाते, आणि फाइल कोणत्या पद्धतीने वाचायची हे सांगितले नाही तर माझ्या विंडोजवरचा पायथन पश्चिम युरोपीय भाषांची जुनी पद्धत धरून चालतो. त्या पद्धतीत काही बाइटांना अर्थच नाही आणि आपल्या हलन्ताच्या, म्हणजे अक्षराचा पाय मोडण्याच्या खुणेच्या, तीन बाइटांतला शेवटचा नेमका त्यांपैकी एक आहे. 'कमल'मध्ये जोडाक्षर नव्हते म्हणून ते चुकीचे का होईना वाचले गेले. पूर्ण यादीत जोडाक्षरे होती, तेथे वाचणेच शक्य नव्हते. फाइल उघडताना पद्धतीचे नाव स्पष्ट लिहिल्यावर दोन्ही थांबले.

त्यानंतर 'सदनिका' नावाचा स्तंभ सापडत नाही असा संदेश आला, आणि छापून पाहिले तर पहिल्याच स्तंभाचे नाव 'सदनिका' दिसत होते. एक्सेल अशा फाइलच्या अगदी आरंभी एक अदृश्य खूण ठेवते, ती त्या शब्दाला चिकटून आली होती. पद्धतीच्या नावापुढे 'सिग' हा प्रत्यय जोडला की ती खूण काढून टाकली जाते. एरवी ही यादी सरळ निघाली. सचिवांनी काही रकमा देवनागरी अंकांत टंकलेल्या होत्या आणि त्या अडतील अशी धास्ती होती, पण 'इंट' ही आज्ञा देवनागरी अंकही बिनतक्रार संख्येत बदलते. रकमेतले स्वल्पविराम मात्र तिला चालत नाहीत, ते आधी काढावे लागले. आणि हे काम रिप्लेसने केले, खुणेच्या जागी खूण ठेवायची तेवढ्यापुरते ते योग्यच आहे.

दुसरी चूक बाईंमुळे सापडली. मी केलेली यादी मीच तपासण्यात अर्थ नाही, म्हणून त्यांनी शंभर शब्द आपल्या फोनवर स्वतंत्रपणे टंकून मला पाठवले आणि दोन्ही याद्या प्रोग्रॅमने ताडून पाहिल्या. २२ फेब्रुवारीची संध्याकाळ. ९७ शब्द जुळले, तीन जुळले नाहीत: ७४, ८४ आणि ९४. चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव. दोन्ही याद्यांतले शब्द मी मोठ्या टंकात शेजारीशेजारी ठेवले, बाईंनी चष्मा पुसून पाहिले, एका काना-मात्रेचाही फरक नव्हता. मग दोन्ही शब्दांची लांबी विचारली. माझ्या 'चौऱ्याहत्तर'ची ११ आली, त्यांच्या शब्दाची १२. 'ऑर्ड' ही आज्ञा प्रत्येक खुणेचा युनिकोडमधला, म्हणजे सर्व लिप्यांच्या खुणांच्या सामाईक यादीतला, क्रमांक देते. ती चालवल्यावर माझ्या शब्दात २३३०, २३८०, २३५३, २३८१, २३५१ असे क्रमांक आले आणि त्यांच्या शब्दात २३३०, २३८०, २३५२, २३८१, ८२०५, २३५१. चकाराला औकार येथपर्यंत दोन्ही सारखे. पुढे इनस्क्रिप्टवर मी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरले होते, त्याचा क्रमांक २३५३. त्यांच्या फोनने साधा 'र', हलन्त आणि नंतर ८२०५ क्रमांकाचा झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचा सांधा, घातला होता. कागदावर दोन्हींतून एकच चंद्रकोरीसारखा रफार उमटतो, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. बाई बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षे फळ्यावर हे लिहिले, त्यात सांधा असतो हे आज पाहिले." आम्ही स्वतंत्र 'ऱ' असलेले रूप कायम केले आणि बाहेरून येणाऱ्या मजकुरातले दुसरे रूप त्यात बदलून घेण्याची एक ओळ घातली. एरवी पुढे पावत्यांत 'चौऱ्याण्णव' शोधायला गेल्यावर निम्म्या सापडल्या नसत्या. दोन शब्द डोळ्यांना सारखे आणि प्रोग्रॅमला वेगळे वाटत असतील तर आधी लांबी आणि मग खुणांचे क्रमांक पाहावेत. डोळ्यांना मराठी वाचायची इतकी सवय असते की ते जे असायला हवे तेच वाचतात.

९ मार्चच्या सभेत लेखापरीक्षकांच्या पत्रासह ठराव मंजूर झाला आणि इतिवृत्तात नोंदला गेला. त्या महिन्यात मी दर आठवड्याला प्रोग्रॅमची प्रत तारखेच्या नावाने वेगळी ठेवत होते. एकदा चांगला चालणारा भाग बिघडवून बसल्यावर २ मार्चच्या प्रतीने मला वाचवले. शून्यापासून ९,९९९ पर्यंतच्या सर्व संख्यांचे शब्द छापून त्यांत कोणतेही दोन एकसारखे नाहीत ना, हेही प्रोग्रॅमकडूनच तपासून घेतले. त्याला दोन सेकंदही लागले नाहीत.

१ एप्रिलला सकाळी पावत्या छापल्या. एका पानावर दोन, म्हणजे १८ पाने, स्थळप्रतींसह ३६, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पानाला पाच रुपयांप्रमाणे १८० रुपये झाले. शंभर पावत्यांच्या छापील पुस्तकालाही आम्ही तेवढेच देत होतो, त्यामुळे या कामात पैशांची बचत झाली असे म्हणता येणार नाही. वेळेची झाली. पूर्वी दोन पूर्ण संध्याकाळी जात, या वेळी सह्यांसह दीड तास लागला. रुपयांपुढच्या पैशांचा भाग अजून प्रोग्रॅममध्ये नाही. कोणाच्या थकबाकीवरील व्याजात पन्नास पैसे आले तर ती पावती सध्या हातानेच लिहावी लागेल.

संध्याकाळी बाई आल्या. त्यांनी एकेक पावती घेऊन अक्षरी रक्कम मोठ्याने वाचली आणि मी नोंदवहीतल्या अंकांवर बोट ठेवत गेले. एकोणिसावी पावती ४,६७५ ची होती. त्यांनी वाचले, "चार हजार सहाशे पंच्याहत्तर फक्त." मी बरोबरची खूण केली आणि त्या पुढच्या पावतीकडे वळल्या. छत्तीस झाल्यावर, रोखीने ५,००० रुपयांहून अधिक भरलेल्या दोन पावत्या बाजूला काढल्या, त्यांच्यावर एक-एक रुपयाचे महसुली तिकीट चिकटवले आणि तिकिटावरून आडवी सही केली.